बलुते, बट्टा आणि पैशाचा उगम

ॲडम स्मिथने १७७६ साली एक चित्र रंगवले. खाटकाकडे जादा मांस आहे, पाववाल्याला ते हवे आहे. पण खाटकाच्या घरी पाव आधीच आहे. व्यवहार अडतो आणि तो सोडवायला पैसा येतो. कार्ल मेंगर यांनी १८९२ मध्ये हे नेटके मांडले : सर्वांत सहज खपणारी वस्तू आपोआप पैसा होते.

आपल्या खेड्यांचा पुरावा मला या चित्रापेक्षा बोलका वाटतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’तला (१९१५) सुतार आऊत दुरुस्त करून हातोहात ज्वारी मागत नाही. काम वर्षभर, बलुते खळ्यावर. मधले महिने नुसते येणे-देणे. तिथे हातोहात अदलाबदल नाही, नाणेही नाही. आहे ती उधारी. पैसा मुळात उधारीच, असे मिचेल इनेस १९१३ मध्ये म्हणत होते. त्यांनी बलुती पाहिली असती तर!

मग नाणे कशाला? सारा भरायला, असे उत्तर नॅप यांच्या १९०५ च्या ग्रंथातून निघते. सरकार जे स्वीकारते तो पैसा. पटते, पण पुरते नाही. पेशवाईत नाना टाकसाळींचे रुपये चालत आणि सराफ कस पाहून बट्टा कापत. शिक्का सरकारचा, भाव मात्र सराफाचा. इथे मेंगर पुन्हा डोके वर काढतात. शिवराईचे कोडे तर दोघांनाही पुरून उरते : १८१८ मध्ये राज्य गेले, तरी तांब्याची शिवराई बाजारात फिरतच राहिली.