लिपमानच्या काचेपासून होलोग्रामच्या फिल्मपर्यंत

होलोग्राफीचा इतिहास सांगताना सर्वांत आधी लेसरचे नाव घेतले जाते. लेसर १९६० साली आला आणि पुढच्या चार वर्षांत त्रिमित होलोग्राम जगासमोर आले, हा क्रम खरा आहे. पण नेमक्या त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये युरी डेनिस्युक यांनी लेसरविनाच होलोग्राम घडवले होते. त्यांच्यापाशी पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता आणि अतिशय सूक्ष्म कणांचा थर दिलेल्या काचा होत्या. हा धागा त्या काचांविषयी आणि त्यांच्या वंशातील फिल्मविषयी आहे.

साधे छायाचित्र प्रकाशाची फक्त तीव्रता नोंदवते. होलोग्रामला प्रकाशलहरींची कलाही नोंदवावी लागते. त्यासाठी वस्तूवरून परतलेला प्रकाश आणि थेट आलेला संदर्भ-प्रकाश यांना एकाच पृष्ठावर भेटवतात. दोहोंच्या व्यतिकरणातून उजेड-अंधाराचे अतिसूक्ष्म पट्टे तयार होतात, आणि ते पट्टे टिपणे हे फिल्मचे काम. हे काम किती अवघड, ते दोन किरणांमधील कोनावर ठरते. हीलियम-निऑन लेसरच्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर असते. दोन किरणांत ६० अंशांचा कोन असेल तर एका मिलिमीटरमध्ये सुमारे १,५८० पट्टे मावतात. किरण समोरासमोरून आले तर जिलेटिनच्या थरात हीच संख्या ४,७०० च्या आसपास जाते. नेहमीच्या कॅमेऱ्यातील फिल्म मिलिमीटरला शंभर-दोनशे रेषांच्या पलीकडे क्वचितच पोहोचते.

हे गणित ध्यानात ठेवले की इतिहासातील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. डेनिस गाबोर यांना १९४७ साली इंग्लंडमधील रग्बी येथे होलोग्राफीची मूळ कल्पना सुचली. त्यांच्या मांडणीत दोन्ही प्रकाश जवळजवळ एकाच दिशेने येत, त्यामुळे पट्टे रुंद पडत आणि सर्वसाधारण छायाचित्रण-काचेवर भागत असे. किंमत मात्र वेगळ्या रूपाने मोजावी लागली. खऱ्या प्रतिमेवर तिची जुळी प्रतिमा चढून बसे आणि चित्र धूसर होई. या जुळीला बाजूला सारायचे तर कोन वाढवायला हवा, आणि कोन वाढवला की फिल्म अपुरी पडते.

बारीक कणांच्या काचेचे कोडे मात्र त्याआधी अर्धे शतक सुटले होते. पॅरिसमधील प्राध्यापक गाब्रिएल लिपमान यांनी १८९१ मध्ये कोणताही रंगद्रव्याचा वापर न करता रंगीत छायाचित्र काढून दाखवले. काचेवरील पायसाला पाऱ्याचा आरसा टेकवून ते प्रकाश आत सोडत. येणारी आणि परतणारी लहर यांच्या भेटीतून थराच्या जाडीत चांदीच्या पातळ पातळ पापुद्र्यांची उतरंड रचली जाई. हे पापुद्रे तरंगलांबीच्या निम्म्या अंतरावर असत, म्हणून चांदीचे कण त्याहून कितीतरी लहान असणे भाग होते. लहान कणांची खोड अशी की त्यांना प्रकाश फार लागतो. आरंभी उन्हात पंधरा मिनिटे काच उघडी ठेवावी लागे. १९०८ च्या नोबेल व्याख्यानापर्यंत ही वेळ एक मिनिटावर आली होती, तरी माणसाचे चित्र काढण्यास ती जास्तच होती. त्याच्या आदल्या वर्षी ल्युमिएर बंधूंची सोपी ऑटोक्रोम काच बाजारात आली आणि लिपमान यांची पद्धत मागे पडली.

डेनिस्युक यांनी १९५८ मध्ये हेच विस्मृत तंत्र हाती घेतले. लिपमान यांनी पाऱ्याचा आरसा ठेवला होता, त्या जागी त्यांनी प्रत्यक्ष वस्तू ठेवली. प्रकाश काचेतून जाऊन वस्तूवर पडतो, तेथून मागे फिरतो आणि थराच्या जाडीत स्वतःशीच भेटतो. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश फार थोड्या अंतरापर्यंतच सुसंगत राहतो. म्हणून त्यांना वस्तू म्हणून उथळ बहिर्वक्र आरसेच घ्यावे लागले. शोधनिबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला, पण आरशाची प्रतिमा पाहून कोण भारावणार? काही वर्षे त्यांच्या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही. लेनिन पारितोषिक १९७० साली मिळाले, तेही अमेरिकेतील होलोग्राम गाजल्यानंतर. मधल्या काळात, १९६३ मध्ये, डेनिस्युक आणि प्रोटास यांनी लिपमान-काचा सुधारण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. आपल्या शोधाचे भवितव्य पायसावर अवलंबून आहे, हे त्यांना पक्के उमगले होते.

मिशिगन विद्यापीठातील एमेट लीथ आणि युरिस उपातनिएक्स यांनी संदर्भ-किरण तिरका आणून गाबोर यांची जुळी प्रतिमा बाजूला सारली. त्यांनी वापरलेली काच होती कोडॅकची ६४९-एफ. ती होलोग्राफीसाठी जन्मलीच नव्हती. वर्णपट नोंदवणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी कोडॅक ती बनवत असे आणि मिलिमीटरला दोन हजारांहून अधिक रेषा ती टिपू शके. १९६४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम पाहायला शास्त्रज्ञांनी हॉटेलात रांग लावली. त्या रांगेतल्या किती जणांनी काचेचे नाव विचारले असेल, देव जाणे!

मागणी वाढताच बेल्जियममधील आग्फा-गेव्हर्ट कंपनीने खास होलोग्राफीसाठी साहित्य काढले. त्यांच्या नावांतच निवडीची किल्ली होती. ८ई७५ तांबड्या प्रकाशासाठी, ८ई५६ हिरव्या-निळ्यासाठी. १०ई७५ मधले कण सुमारे ९० नॅनोमीटरचे, ८ई७५ मधले सुमारे ३५ चे. मोठा कण लवकर प्रतिसाद देतो, पण प्रकाश विखुरतो आणि प्रतिमेवर धुके पसरवतो. तांबड्या प्रकाशाला संवेदनशील फिल्म हाताळताना अंधाऱ्या खोलीत मंद हिरवा दिवा लागे. नेहमीचा तांबडा दिवा येथे फिल्मचा शत्रूच.

संथपणाची किंमत कशी पडते, ते एका हिशोबावरून कळेल. एक मिलिवॉटचा लेसर १०० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोवॉट मिळतात. ८ई७५ ला साधारण १० मायक्रोज्यूल पुरत, म्हणजे एक सेकंद. रशियातील स्लाविच कारखान्याच्या पीएफजी-०३एम या १० नॅनोमीटरच्या आसपासचे कण असलेल्या साहित्याला दीड ते दोन हजार मायक्रोज्यूल लागतात, म्हणजे तीन मिनिटांच्या घरात. त्या तीन मिनिटांत पट्टे त्यांच्या रुंदीच्या अंशानेही हलता कामा नयेत. रस्त्यावरून ट्रक गेला, दार आपटले, एवढेच काय, शेजारी कोणी बोलले तरी काच वाया. म्हणूनच जड ग्रॅनाइटची टेबले आणि वाळूच्या पेट्या आल्या. लवचीक फिल्म असेल तर ती दोन काचांमध्ये दाबून, स्थिरावेपर्यंत वाट पाहावी लागे. शिवाय पॉलिएस्टरची पट्टी प्रकाशाचे ध्रुवण बिघडवते, म्हणून जाणकार ट्रायअॅसिटेट मागत. डेनिस्युक-पद्धतीत प्रकाश काचेतून आरपार जायला हवा, त्यामुळे पाठीमागे परावर्तनरोधक काळा थर असलेली फिल्म तेथे कुचकामी.

एवढे करूनही विकसनाच्या तबकात नवा पेच उभा राहत असे. काळ्या चांदीचा होलोग्राम पडणाऱ्या प्रकाशातला फार थोडा भाग प्रतिमेकडे वळवतो. म्हणून ब्लीच करून चांदीचे रूपांतर पारदर्शक क्षारात करण्याची रीत पडली आणि प्रतिमा एकदम उजळल्या. पण रसायनांनी थरातले द्रव्य धुऊन नेले की जिलेटिन आकसते आणि पापुद्र्यांतील अंतर घटते. तांबड्या लेसरने टिपलेली वस्तू मग हिरवी दिसू लागते! काहींनी हा दोष मुद्दाम वापरला. ट्रायइथॅनॉलअमाइनमध्ये फिल्म आधी फुगवून, एकाच लेसरमधून ते निरनिराळे रंग काढू लागले.

कणच नको, असाही मार्ग १९६८ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या शँकॉफ यांनी खुला केला. डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनमध्ये चांदी नसते, म्हणून विखुरणेही जवळजवळ नाही आणि प्रतिमा लखलखीत. मात्र ते तांबड्या प्रकाशाला दाद देत नाही, त्याला निळा-हिरवा लेसर हवा, आणि दमट हवेत चित्र विरून जाते. काचांमध्ये हवाबंद केल्याखेरीज ते टिकत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आग्फाने होलोग्राफीचे साहित्य बनवणे थांबवले. नोटांवर, कार्डांवर छापले जाणारे होलोग्राम धातूच्या साच्यांतून निघत होते, त्यांना या फिल्मची गरजच नव्हती. फटका बसला तो कलावंतांना आणि छोट्या प्रयोगशाळांना. अनेकांनी उरलेला साठा शीतपेटीत जपून ठेवला. काहींनी स्लाविचकडे मोर्चा वळवला आणि वर्षानुवर्षे बसवलेले वेळेचे, रसायनांचे हिशोब पहिल्यापासून मांडले. काही जण लिपमान यांच्याप्रमाणेच स्वतःच्या काचांवर स्वतःचे पायस ओतू लागले.