'इझम'चे अर्थ आणि 'वादा'चा घोळ

कार्यालयात बिंदुनामावली मागितली, अनुशेष किती आहे असे विचारले, की उत्तर ठरलेले असते: "तुम्ही लोक जातीयवाद करता." हा आरोप उलटा आमच्याच माथी इतक्या सहज मारता येतो, याला जातीची मुजोरी कारण आहेच. पण त्यात शब्दाचाही एक घोळ आहे. तो 'इझम' या इंग्रजी प्रत्ययापासून सुरू होतो.

हा प्रत्यय मूळचा ग्रीक. तिथे तो कृतीला नाव देत असे. बॅप्टिझम म्हणजे पाण्यात बुडविण्याची क्रिया. क्रिटिसिझम हीदेखील क्रियाच, टीका करण्याची. पुढे लॅटिन आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि पंथांना, मतांना लागू लागला. १९व्या शतकात सोशलिझम, कम्युनिझम हे शब्द रूढ झाले आणि इझम म्हणजे विचारसरणी हा अर्थ सगळ्यांच्या डोक्यात बसला. पण त्याच शतकात, १८४९ मध्ये, माग्नुस हुस या स्वीडिश डॉक्टरांनी अल्कोहोलिझम हा शब्द आजारासाठी वापरला. दारूच्या व्यसनात कसली आली विचारसरणी? रूमॅटिझमला आपणही संधिवात म्हणतो, संधिवाद नाही!

विसाव्या शतकात या प्रत्ययाला आणखी एक काम मिळाले. १९३०च्या दशकात नाझींच्या संदर्भात रेसिझम हा शब्द प्रचारात आला. त्याच साच्यावर १९६०च्या दशकात अमेरिकेतील स्त्रियांनी सेक्सिझम हा शब्द पुढे आणला. इथे इझम म्हणजे नुसते मत नव्हे. एका समूहाने दुसऱ्याला खाली दाबून ठेवण्याची व्यवस्था, असा त्याचा अर्थ आहे. कॅस्टिझम हा शब्द या रांगेतला.

मराठीत मात्र आपण त्याला 'वाद' जोडला. वाद हा शब्द 'वद्' म्हणजे बोलणे या धातूचा. समाजवाद, थेरवाद इथे तो शोभतो, कारण तिथे सिद्धान्त आहे. जातीयवाद म्हटले की अत्याचारही एक मत होऊन बसतो. मत काय, कोणाचेही असू शकते. मग विहिरीवर पाणी अडवणारा आणि त्याची फिर्याद देणारा, दोघेही 'जातीयवादी'! त्यात आपल्या निवडणुकीच्या भाषणांतल्या 'जातीयवादी शक्ती' म्हणजे बहुतेक वेळा धर्माच्या नावाने फूट पाडणारे पक्ष. म्हणजे ज्या शब्दात जात आहे त्यातूनच जात गायब.

खरे तर मराठीकडे दुसरा प्रत्यय आहे, 'शाही'. फारसीतून आलेला, सत्ता दाखवणारा. कॅपिटॅलिझमला आपण भांडवलशाही म्हणतो, भांडवलवाद सहसा म्हणत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तिथे त्यांनी शब्दाचा अर्थ मोघम ठेवला नाही. ब्राह्मण समाजाची सत्ता वा हितसंबंध असा अर्थ आपल्याला अभिप्रेत नाही, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा अभाव म्हणजे ही प्रवृत्ती, असे त्यांनी स्पष्ट केले. तिचे जनक ब्राह्मण असले तरी ती सर्व वर्गांत शिरली आहे, हेही सांगितले. ब्राह्मणशाहीचा उल्लेख करताच "तुम्ही ब्राह्मणद्वेष्टे" म्हणणाऱ्यांनी ते भाषण एकदा वाचावे.

शब्द असा फोडून पाहण्याची सवय आपल्या परंपरेतच आहे. मज्झिम निकायातील सुभसुत्तात बुद्ध स्वतःला विभज्जवादी म्हणवतात. सरसकट उत्तर न देता, प्रश्नाचे भाग करून बोलणारा तो विभज्जवादी. 'जातीयवाद' ऐकल्यावर आपणही तेच करावे. कोणाचे मत, कोणाचे वर्तन, कोणाची सत्ता?

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने भाषण रद्द केल्यावर बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ते स्वखर्चाने छापले. त्याच्या शीर्षकात उच्छेद जातीचा आहे, जातीयवादाचा नाही. फरक साधा आहे. जातीयवादाचा निषेध करून जात सुखाने सांभाळता येते. त्या पुस्तकात आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला आहे, आणि त्याआड येणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्य नाकारायलाही. आमच्याच काही वधू-वर मेळाव्यांत आजही पोटजात हळूच विचारली जाते. विचारणारा स्वतःला जातीयवादी म्हणवत नाही, उलट सुरुवातीला त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्यांत तोच पुढे असतो.