पाव, बोट आणि बाटणे

सँडविच आणि बोट हे दोन शब्द आज एकत्र उच्चारले की डोळ्यांसमोर सुट्टीची जाहिरात येते. मोठी पांढरी क्रूझ, निळे पाणी, डेकवर आरामखुर्ची आणि बशीत त्रिकोणी कापलेले सँडविच. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली, तेव्हा आमच्या वैजापुरातही तिची चर्चा झाली. खरे तर वैजापूर समुद्रापासून लांब. आमचे मोठे पाणी म्हणजे गोदावरी आणि आमचे बंदर म्हणजे रोटेगावचे रेल्वे स्टेशन! पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच दोन गोष्टी, पाव आणि बोट, महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत भीतीच्या होत्या. पाव खाल्ला तर माणूस बाटे, आणि बोटीने समुद्र ओलांडला तरी बाटे. या भीतीचे काय झाले, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आधी सँडविचचे नाव. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन माँटेग्यू नावाचे उमराव होते, सँडविच या गावचे चौथे अर्ल. पत्त्यांच्या टेबलावरून उठायला नको म्हणून ते पावाच्या दोन कापांत मांस घालून मागवत, अशी गोष्ट एका फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवली. त्यांच्या चरित्रकाराचे म्हणणे वेगळे आहे. अर्लसाहेब कामाच्या टेबलावर तासन् तास बसत, तेव्हा हे खाणे तिथलेच असावे, असे तो म्हणतो. इतिहासकार एडवर्ड गिबनच्या १७६२ च्या रोजनिशीत 'सँडविच' हा शब्द खाद्यपदार्थ म्हणून आला आहे. गंमत अशी की हे अर्ल ब्रिटिश आरमाराचे प्रमुख होते. कॅप्टन कुकने १७७८ मध्ये हवाई बेटांना त्यांचेच नाव दिले होते. म्हणजे सँडविचचे आणि जहाजाचे नाते नावापासूनच आहे. मात्र ज्या आरमाराचे ते प्रमुख, त्यातल्या खलाशाच्या वाट्याला मऊ पाव नव्हता. त्याला रोज एक पौंड कडक बिस्किट मिळे, आणि लांबच्या सफरीत त्यात किडे होत. एकाच जहाजावर दोन पंगती होत्या.

आता आपल्याकडे येऊ. पाव हा शब्द पोर्तुगीज. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या गलबतांबरोबर हा पदार्थ आपल्या किनाऱ्यावर उतरला. आंबवण्यासाठी यीस्ट नव्हते, म्हणून गोव्याच्या पोदेरांनी माडाची ताडी वापरली. पुढे हेच गोवेकर मुंबईत आले आणि त्यांनी बेकऱ्या घातल्या. परक्या धर्माच्या माणसाचा हात, त्यात ताडी! सोवळ्या घरांना एवढे कारण पुरेसे होते. पाव पायांनी मळतात, म्हणून त्याला पाव म्हणतात, अशीही एक समजूत पसरली होती. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत ते पाणी प्यायले आणि गाव बाटले, अशा कथा त्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. पाण्यात पडलेला एक तुकडा सगळ्या गावाचा धर्म बदलू शकतो, यावर लोकांचा विश्वास होता. त्या विश्वासाने किती माणसे आपल्याच माणसांना कायमची मुकली असतील!

या भीतीला पहिला धक्का दिला तो मुंबईतल्या काही तरुणांनी. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी ही संस्था काढली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. सभासद व्हायचे तर नुसती सही पुरत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी अट होती. मी मुसलमान आणि माझी भाषा मराठी. त्यामुळे हा प्रसंग वाचताना माझे लक्ष नेहमी त्या पाण्याच्या भांड्याकडे जाते. ते पाणी आणून देणाऱ्याचे नाव इतिहासात नाही. पाव भाजणाऱ्याचेही नाही. पण त्या दोघांच्या हातांवर एका नव्या महाराष्ट्राची परीक्षा घेतली जात होती. आणि हे सगळे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. पावाचा तुकडा दाराआड खाण्याचे धैर्य होते, चारचौघांत कबूल करण्याचे बळ अजून आले नव्हते.

त्यानंतर तीस वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनचे चहा प्रकरण झाले. मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाताला लावून ठेवली. पण हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि त्यात रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक कप चहा आणि एक बिस्किट! आज हसू येते, पण त्या काळी बहिष्कार म्हणजे घरातल्या लग्नमुंजी आणि श्राद्धे अडणे. हसणे आपल्याला परवडते, कारण किंमत त्यांनी दिली.

हा चहा घडवून आणणारे गोपाळराव जोशी म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. आणि इथेच पावाच्या गोष्टीला बोटीची गोष्ट येऊन मिळते. आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. निघण्याआधी श्रीरामपूरला जाहीर भाषण करून, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, असे त्यांना सांगावे लागले. बोटीवर त्यांनी शाकाहार सोडला नाही. पाच वर्षांनी, सप्टेंबर १८८८ मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. काटे-चमचे धरता येत नाहीत आणि कशात मांस आहे हे विचारायचा धीर होत नाही, म्हणून ते जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळे त्यांनी आपल्या केबिनमध्ये बसून खाल्ली. समुद्रापेक्षा बोटीवरचे ताट अधिक कठीण होते.

त्याच बोटींवर आपली दुसरी माणसेही होती, पण तळमजल्यावर. कोकणातले मुसलमान खलाशी डेकवर राबत. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर मुदपाकखाना आणि वाढप सांभाळत ते गोवेकर. साहेबमंडळी दुपारच्या चहाबरोबर काकडीचे सँडविच खात, ते पुष्कळदा याच हातांनी कापलेले असे. हे गोवेकर किनाऱ्यावर आले की मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये, म्हणजे गावकीच्या खोल्यांत उतरत. बोटीने बाटण्याचा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. गरिबाचे बाटणे समाजाच्या हिशेबात नसते.

आमच्या भागातला सामान्य माणूस बोटीवर चढला तो बहुतेक हजसाठी. १८७७ मध्ये स्थापन झालेली एक कंपनी पुढे मोगल लाइन या नावाने ओळखली गेली. तिची जहाजे मुंबईहून जेद्द्याला जात. १९९५ नंतर समुद्रमार्गे हज बंद झाला. मराठवाड्यातले हाजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात उतरत आणि मग बंदरावर जात. माझी नानी १९७० च्या दशकात अशीच गेली. घरात पाव यायचा तो कुणी आजारी पडले तरच. आम्ही निजामाच्या मुलखातले, म्हणून त्याला डबलरोटी म्हणत असू. नानीने बरोबर बाजरीच्या खापरीसारख्या कडक भाकरी आणि लसणाच्या चटणीची बरणी घेतली होती. भाकरी संपल्या. मग सकाळच्या चहाबरोबर मिळणाऱ्या डबलरोटीला तिने चटणी लावायला सुरुवात केली. शेजारी केरळची एक बाई होती, भाषा कळत नव्हती. तिलाही तिने तो घास दिला. "दोनों को ठसका लगा, फिर दोनों हँसे," असे नानी सांगायची. सँडविच हा शब्द तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हता.

बोट आणि अन्न यांची आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र १९४६ ची. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या आरमारी तळावरच्या हिंदी नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक यांविरुद्ध जेवण नाकारले. बघता बघता संप इतर जहाजांवर आणि तळांवर पसरला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. सैनिकांची रसद तोडली गेली, तेव्हा मुंबईकर खाण्याची पुडकी घेऊन गेटवेच्या धक्क्यावर जमले. दुकानदारांनी हवे ते घेऊन जा म्हणून सांगितले. त्या पुडक्यांत कुणाच्या घरची पोळी आणि कुणाच्या बेकरीचा पाव, हे कुणी विचारले नाही. २३ फेब्रुवारीला संप मागे घेतला गेला आणि दीड वर्षात देशाचे दोन तुकडे झाले. तरी ते पाच-सहा दिवस होऊन गेले, हे खरेच आहे.

जगात जिथे जिथे बोटी माणसांना घेऊन गेल्या, तिथे पावात काहीतरी घालून खाणे सुरू झाले. १८६० पासून करारावर नातालला नेलेल्या हिंदी मजुरांच्या वंशजांनी दरबानमध्ये 'बनी चाऊ' केले. पाव पोखरून त्यात रस्सा. मॉरिशसला १८३४ पासून गेलेल्या गिरमिट्यांत मराठी माणसेही होती. तिथल्या रस्त्यांवर आज डाळपुरीत घेवड्याची उसळ गुंडाळून देतात. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचा पाव आला आणि त्यात तिथल्या लोकांनी आपली कोथिंबीर, आपली मिरची भरली. राज्यकर्ते गेले, पाव राहिला. मधले सारण ज्याने त्याने आपले घातले.

आपण तेच केले. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या कामगारांनी गाड्या टाकल्या आणि वडापाव गावोगाव गेला. पाव पोर्तुगिजांचा. बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून त्यांच्याच जहाजांनी आणलेली. बेसन आणि लसूण आपले. आणि हा पदार्थ आता मराठी माणसाची ओळख मानला जातो! ज्या पावाने विहीर बाटत होती, त्या पावावर आपण आपले नाव लिहिले. कुठल्याही परिषदेत ठराव झाला नाही. भूक, घाई आणि खिशातले चार पैसे यांनी मिळून हे काम केले.

आमच्या वैजापुरात पहाटे बेकरीची भट्टी पेटते. लाद्या सायकलवरून गाड्यांवर पोचतात. पीठ मळणारा एका धर्माचा, वडे तळणारा दुसऱ्या, खाणारा तिसऱ्याच जातीचा. शाळेतली पोरे, बाजाराला आलेले शेतकरी, एसटीची वाट पाहणारे प्रवासी, सगळे उभ्याने खातात. परमहंस मंडळींनी दार लावून जे धाडस केले, ते इथे उघड्या रस्त्यावर रोज होते आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. अलीकडे कधी कधी एखादा ग्राहक गाडीवाल्याला हळूच विचारताना ऐकू येते, "पाव कुणाच्या बेकरीचा?" गाडीवाला बहुधा उत्तर देत नाही, मिरचीची पुडी बांधत राहतो. त्याने असेच गप्प राहावे आणि मिरची द्यावी, असे मला वाटते. तो प्रश्न आपण एकदा सोडवलेला आहे. त्याला शंभर वर्षे लागली होती.