ऊतिसंवर्धन (वनस्पती)

ऊतिसंवर्धन : वनस्पतीचा अगदी लहान तुकडा (शेंड्याचे टोक, डोळा, पानाचा भाग, परागकोश किंवा सुटी पेशी) निर्जंतुक बाटलीत कृत्रिम पोषणमाध्यमावर वाढवून त्यापासून ऊती, अवयव किंवा संपूर्ण रोप मिळवण्याचे तंत्र. महाराष्ट्रात शेतकरी याला ‘टिश्यूकल्चर’ म्हणतात आणि बहुतेकांना त्यातून केळीचे रोपच अभिप्रेत असते. पाठ्यपुस्तकांत या तंत्राचे डझनभर उपयोग दिलेले असतात. प्रत्यक्षात आपल्याकडे ते मुख्यतः रोपवाटिकेचा धंदा म्हणून रुजले, आणि त्याचे यशापयशही तिथेच तपासायला हवे.

वनस्पतीच्या जिवंत पेशीत पूर्ण रोप घडवण्याची क्षमता सुप्त असते, हा या तंत्राचा पाया. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गोटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये ही कल्पना मांडली, पण त्यांच्या पेशी विभागल्या नाहीत. वाढ घडवणारी संप्रेरके तेव्हा माहीतच नव्हती आणि त्यांनी निवडलेल्या पेशीही पक्व पानांतल्या होत्या. १९३४ मध्ये अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोची मुळे माध्यमावर अखंड वाढवून दाखवली. ऑक्झिन आणि सायटोकायनिन या संप्रेरकांच्या प्रमाणावर ऊतीला मुळे फुटणार की कोंब हे ठरते, असे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूवर सिद्ध केले. ऑक्झिन जास्त तर मुळे, सायटोकायनिन जास्त तर कोंब. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठीच बांधलेले क्षारांचे माध्यम आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ‘एमएस’ नावाने वापरले जाते.

केळी. खाण्याची केळी त्रिगुणित असते, तिला बी धरत नाही. लागवड कंदांनी किंवा मुनव्यांनी (बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांनी) करावी लागते, आणि मुनव्याबरोबर सूत्रकृमी, सोंडकिडा, मर रोगाची बुरशी व विषाणू असे सगळेच नव्या शेतात जाते. जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुके आणि त्यांना लागून असलेला मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा हा सलग केळीपट्टा. इथे अनेक वर्षे बसराई आणि तिच्यातून निवडलेली श्रीमंती या जातींचे राज्य होते. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन, म्हणजेच शेतकऱ्यांची ‘जी-नाइन’, ऊतिसंवर्धित रोपांच्या रूपात पसरवली आणि चित्र बदलले.

रोप असे तयार होते. रोगमुक्त, भरघोस घड देणाऱ्या झाडाचा तलवारीच्या पात्यासारख्या पानांचा मुनवा निवडतात. कंद सोलून शेंड्याचा छोटा ठोकळा काढतात, सोडियम हायपोक्लोराइट किंवा मर्क्युरिक क्लोराइडने निर्जंतुक करतात आणि लॅमिनार फ्लोच्या गाळलेल्या हवेत बाटलीतल्या माध्यमावर ठेवतात. माध्यम आधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियसला निर्जंतुक केलेले असते. त्यात साखर असते, त्यामुळे एखादा जिवाणू शिरला तरी बाटली वाया जाते. बीएपी या सायटोकायनिनमुळे एका शेंड्याभोवती कोंबांचा झुपका फुटतो. दर तीन-चार आठवड्यांनी झुपका तोडून नव्या बाटल्यांत वाटतात. संख्या भूमितीय श्रेणीने वाढते. कारखान्याची कमाई याच टप्प्यावर ठरते. शेवटी ऑक्झिन देऊन मुळे आणतात.

खरी कसोटी त्यानंतरची. बाटलीत आर्द्रता जवळजवळ पूर्ण असते आणि अन्न आयते मिळते. तिथल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. असे रोप थेट उन्हात लावले तर काही तासांत कोमेजते. म्हणून आधी हरितगृहात ट्रेमध्ये भरपूर आर्द्रतेत, मग शेडनेटखाली पिशवीत, असे दोन टप्प्यांचे हार्डनिंग करतात. दोन्ही मिळून दोन-अडीच महिने जातात. पाच-सहा पाने आणि सुमारे फूटभर उंची आली की रोप शेतात जाते. स्वस्त रोपाचा मोह धरणारा बहुधा अर्धवट हार्डनिंगचे रोप घेतो.

फायदा एकसारखेपणात आहे. मुनव्यांची बाग महिनोन्महिने निसवते (घड बाहेर टाकते); ऊतिसंवर्धित बाग जवळजवळ एकदम निसवते. चांगल्या व्यवस्थापनात ११-१२ महिन्यांत घड काढणीला येतात, तर मुनव्यांच्या पारंपरिक बागेला दीड वर्षापर्यंत वेळ लागे. निर्यातीचा कंटेनर एका आकाराच्या फण्यांनी भरणे या एकसारखेपणामुळे शक्य झाले. मात्र उत्पादनवाढीचे सगळे श्रेय रोपाला देण्याची सवय चुकीची आहे. जी-नाइनबरोबरच ठिबक आणि ठिबकमधून खते आली. पाटपाण्यावर, जुन्या पद्धतीने लावलेले तेच रोप तसा घड देत नाही.

मर्यादा. ऊतिसंवर्धन रोग काढू शकते, प्रतिकारशक्ती देत नाही. बुरशी आणि सूत्रकृमी निर्जंतुकीकरणात जातात. विषाणू पेशीतच असतो. मातृझाडात पर्णगुच्छ किंवा काकडी मोझॅकचा विषाणू असेल, तर एका शेंड्यातून हजारो रोगट रोपे निघतात. म्हणून मातृझाडाची विषाणूचाचणी हा या धंद्याचा कणा आहे. शुद्ध रोपही शेतात मोकळेच असते. काकडी मोझॅक विषाणूला खानदेशात ‘हरण्या’ म्हणतात. तो माव्यामार्फत काकडीवर्गीय पिकांतून आणि तणांतून कोवळ्या रोपांवर येतो. त्यामुळे केळीत काकडी किंवा भोपळ्याचे आंतरपीक घेऊ नये, असा सल्ला दिला जातो. ब जनुकसंच असलेल्या काही संकरित केळींत रेषा-विषाणूचा अंश गुणसूत्रांतच दडलेला असतो आणि ऊतिसंवर्धनाच्या ताणाने जागा होतो. जी-नाइनमध्ये ब संच नसल्याने तिला हा धोका नाही.

दुसरी अडचण भ्रष्ट रोपांची. वारंवार विभागणीत काही रोपे मूळ गुणांपासून ढळतात. कॅव्हेंडिश गटात बुटकी रोपे सर्वाधिक दिसतात. त्यासाठी विभागणीच्या फेऱ्या आठच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. फेऱ्या वाढवल्या की रोपाचा खर्च उतरतो, आणि मोह तिथेच होतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. ती प्रयोगशाळेला मान्यता देते आणि विषाणूमुक्तता व जनुकीय एकरूपता यांची चाचणी करते. खरेदीच्या वेळी त्या लेबलची विचारणा करणारे शेतकरी अजून थोडे.

इतर पिके व संशोधन. उसात ऊतिसंवर्धित रोप थेट गाळपासाठी लावणे परवडत नाही. त्याचा मूलभूत बेणेमळा करून पुढे पायाभूत व प्रमाणित बेणे तयार करतात. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे काम या साखळीत महत्त्वाचे आहे. डाळिंबात गुटी कलमाबरोबर तेल्या रोग पसरतो, म्हणून भगवा जातीची ऊतिसंवर्धित रोपे आली. हरितगृहातील जरबेराची रोपे तर जवळजवळ पूर्णपणे याच मार्गाने येतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. एफ. मस्करेन्हास आणि सहकाऱ्यांनी सागासारख्या मोठ्या वृक्षाच्या ऊतींतून रोपे केली. १९९० मध्ये रजनी नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हास यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक विलक्षण होता: जो बांबू रानात दशकांनी एकदा फुलतो, तो त्यांनी बाटलीत फुलवला आणि त्याला बीही धरले. बांबूच्या संकराची वाट यातून उघडेल अशी मोठी अपेक्षा निर्माण झाली. शेतापर्यंत ती फारशी पोहोचली नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तुतीचे डोळे (१९८७) आणि केळीची शेंड्याची टोके (१९९२) अल्जिनेटच्या मण्यांत बंद करून कृत्रिम बियाणे बनवले गेले.

परागकोशापासून एकगुणित रोपे मिळवण्याचा शोध भारतीय आहे. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्यावर तो लावला. अशा रोपाची गुणसूत्रे दुप्पट केली की एकाच पिढीत शुद्ध वाण हाती येते. एरवी त्याला सहा-सात पिढ्या लागतात.

जनुकीय बदलासाठीही ऊतिसंवर्धन अपरिहार्य आहे, कारण जनुक पेशीत शिरते आणि पेशीतून रोप उभे करावे लागते. कापसाच्या बहुतेक जाती त्याला दाद देत नाहीत. म्हणून बीटी जनुक आधी कोकर ३१२ या सहज रोप देणाऱ्या अमेरिकी वाणात घातले आणि मग वारंवार संकर करून भारतीय वाणांत आणले. २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसाची वंशावळ अशी एका पुनर्जननक्षम वाणापाशी पोहोचते.

औषधी रसायनांसाठी पेशींची टाकीत शेती करण्याचे पहिले व्यापारी यश जपानने १९८३ मध्ये शिकोनिनच्या उत्पादनात मिळवले. सह्याद्रीतल्या नरक्याच्या पेशींपासून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य मिळवण्याचे प्रयोग भाभा केंद्रात झाले. पेशी वाढतात, पण द्रव्य इतके थोडे निघते की औषधउद्योगाचा भर आजही झाडाच्या लाकडावरच आहे.