विकतचा सल्ला

पुण्यात सल्ला फुकट मिळतो, अशी आपली ख्याती आहे. पण याच शहरात सल्ला विकत घेण्याचाही एक इतिहास आहे. कारखानदार कोणत्या काळात सल्लागाराकडे काय मागायला गेला, एवढं पाहिलं तरी त्या काळची हवा कळते.

'सल्ला' हा शब्द मूळचा अरबी, 'मसलत'ही तसाच. बखरींत मसलत म्हणजे नुसती चर्चा नव्हे, मोहिमेचा बेतसुद्धा. 'हिशेब' आणि 'कारखाना' हे शब्दही अरबी-फारसीतून येऊन आपल्याकडे कधीच रुळले होते. सल्लागार हा पगडीऐवजी टाय लावून आला तो मात्र अमेरिकेतून. फ्रेडरिक टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक 1911 साली निघालं. कामगाराच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावायचं, फालतू हालचाली गाळायच्या, असा त्याचा मंत्र. आपल्याकडच्या कामगाराला या विचाराची ओळख झाली ती कडवट. मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, असा बेत पुढे आला आणि 1928 साली सहा महिने संप झाला. हातात कागद घेऊन खात्यात फिरणाऱ्या पाहुण्याकडे कामगार तिरक्या नजरेने का पाहतो, याचं उत्तर मला त्या संपात दिसतं.

पुण्यात 1934 साली आ. रा. भटांच्या पुढाकाराने मराठा चेंबर उभं राहिलं. 'संपदा' मासिकातून उद्योगाची माहिती मराठीत देणं, हे त्या संस्थेचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम. पुढे खडकीला किर्लोस्करांची इंजिनं, पिंपरीला पेनिसिलीन, 1962 नंतर एमआयडीसी, असं शहर नदीपल्याड पसरत गेलं. दिल्लीत 1958 साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली होती. पुण्यात 1966 साली टाटांचं व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र सुरू झालं.

त्या काळचं गिऱ्हाईक एकच विचारी: आहे त्या यंत्रावर जास्त माल कसा काढू? परवान्यांचं राज्य होतं. स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. माल खपेल का, हा प्रश्नच नसेल, तर त्यावर सल्ला कोण विकत घेणार?

आता एक गंमत. 1981 साली पुण्यात एक छोटी कंपनी नोंदवली गेली, 'इन्फोसिस कन्सल्टंट्स'. पुढे तिने बंगळुरूला बिऱ्हाड हलवलं आणि नावातलं 'कन्सल्टंट्स' गळून पडलं.

जुलै 1991 मध्ये बहुतेक उद्योगांचे परवाने उठले आणि मागणी एकदम फिरली. परदेशी गिऱ्हाईक, मोठा कारखाना, जो तो विचारू लागला: तुमच्याकडे आयएसओ आहे का? ही मानकं 1987 साली निघाली होती. 1994 मध्ये अमेरिकेतल्या तीन बड्या मोटार कंपन्यांनी पुरवठादारांसाठी क्यूएस 9000 आणलं. सुट्या भागांवर जगणाऱ्या भोसरी-चिंचवडच्या छोट्या वर्कशॉपांपर्यंत या मागणीचा धक्का पोचला. आता प्रश्न 'जास्त कसं काढू' हा नव्हता, 'नीट काढतो हे सिद्ध कसं करू' हा होता. गल्लोगल्ली सल्लागार झाले. त्यांतले कित्येक मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडलेले इंजिनीअर होते.

माझा संबंध आला तो इथे. बी.ए. होऊन मी नोकरी शोधत होतो, कविता लिहीत होतो. आयएसओच्या कलमांत असं होतं की, गुणवत्तेचं धोरण कंपनीतल्या सर्व थरांना समजलं पाहिजे. ऑडिटर येऊन लेथवरच्या माणसालाही विचारू शकत असे. साहजिकच ते मराठीत हवं. एका सल्लागाराकडे मी पानावारी भाषांतर करू लागलो. 'नॉनकन्फॉर्मिटी'ला त्यांच्याकडे आधीचा शब्द होता 'अननुरूपता'. तो वाचताना सुपरवायझरचीही जीभ अडखळे. मी 'तफावत' सुचवला. पन्नाशीचे एक टर्नर होते, ते म्हणाले, "असं सरळ सांगा की! ड्रॉइंगमधी आणि जॉबमधी तफावत. हे तर आमी रोजच बघतो."

मग कार्यसूचना लिहिताना मी त्यांच्याशेजारी उभा राहू लागलो. टूल बोथट झालं हे त्यांना आवाजावरून कळे, चिपचा रंग पाहून कळे. ते मी लिहून घेतलं. छापील नमुन्यात मात्र एकच रकाना होता: टूल किती नगांनंतर बदलायचं. सल्लागारांना घाई होती, ऑडिटची तारीख ठरलेली होती. आवाज आणि रंग गाळले गेले, आकडा तेवढा राहिला. धोरण सगळ्यांनी पाठ केलं, प्रमाणपत्र मिळालं, पेढे वाटले गेले.

आयएसओवर सरसकट टीका करणाऱ्यांतला मी नाही. मोजमापाची साधनं वेळेवर तपासणं, नापास माल वेगळा ठेवणं, ही शिस्त अनेक शेडमध्ये पहिल्यांदा तिच्यामुळेच आली. 2000 सालच्या सुधारित आवृत्तीत कागदांची सक्तीही बरीच कमी झाली. पण विकत घेतलेल्या सल्ल्यात आपल्याच माणसाचं ज्ञान धरायचं की नाही, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं असतं, आणि ते मागणारी गिऱ्हाइकं मला फार थोडी भेटली.

त्यानंतर मागणी पुन्हा बदलली. कमी माणसांत काम कसं होईल, हे विचारलं जाऊ लागलं आणि स्वेच्छानिवृत्ती हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोचला. 2007 साली आकुर्डीला बजाजचं वाहन-उत्पादन थांबलं. माझ्या ओळखीचे ते टर्नर तोवर गावी गेले होते. हाताखाली जी दोन पोरं तयार झाली होती, त्यांना चिपचा रंग कळत होता.

आता युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्याला ते बनवताना किती कार्बन हवेत गेला, याचा हिशेब लागतो. ऑक्टोबर 2023 पासून तिथे तशी नोंद सक्तीची झाली. म्हणजे नवे फॉर्म आले, ते भरून देणारे नवे सल्लागार आले. त्यांतल्या एकाने मध्यंतरी मला फोन केला. 'एम्बेडेड एमिशन्स'ला मराठीत काय म्हणायचं, ते त्याला हवं होतं. मी त्याला म्हटलं, आधी भट्टीवरच्या माणसाला विचारून येऊ.