खोप्याची नोंद कोणी ठेवली? खानदेशातील घरट्यांचा एक छोटा इतिहास

मृगाचा पाऊस पडून गेला की आमच्याकडे विहिरींवर वाकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात आणि त्याच सुमारास समाजमाध्यमांवर बहिणाबाईंची ‘खोपा’ ही कविता फिरू लागते. तिच्याखाली दरवर्षी कोणीतरी न चुकता लिहितो : ‘कविता सुंदर आहे, पण खोपा मादी विणत नाही, नर विणतो. बहिणाबाई चुकल्या.’ पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना मीही अशी एक टिप्पणी मोठ्या रुबाबात लिहिली होती. आजचा धागा म्हणजे त्या टिप्पणीला मीच दिलेले उशिराचे उत्तर.

दुरुस्ती खरी आहे, हे आधी मान्य करू. १९३० साली सलीम अली जर्मनीतून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले, तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. त्या रिकाम्या दिवसांत ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी ती न्याहाळली आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली.

ती निरीक्षणे वाचण्यासारखी आहेत. नर गवताच्या लांब पात्या चिरून आणतो आणि खोपा विणायला घेतो. खोपा अर्धा होतो, उलट्या टोपीसारखा दिसू लागतो, तेव्हा माद्या येऊन त्याची तपासणी करतात. एखादीला तो पसंत पडला तर ती ताबा घेते. मग नर खाली लोंबणारी नळी विणून काम पुरे करतो आणि लगेच दुसरा खोपा, दुसरी मादी यांच्या मागे लागतो. अंडी उबवणे आणि पिलांना भरवणे हा भार बहुतांशी मादीवरच पडतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लटकत राहतात. आमच्या गावच्या विहिरीवरचे असे अर्धे खोपे दाखवून मी आजीला हे सारे समजावून सांगू लागलो, तर ती शांतपणे म्हणाली, “हो, तिला आवडले नसतील.” सलीम अलींचे नावही तिने कधी ऐकलेले नाही.

आता काळाचा मेळ पाहा. किहीमला हा अभ्यास चालू होता, तेव्हा जळगावात बहिणाबाई चौधरी पन्नाशीच्या होत्या. त्यांचा जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य. त्यानंतर शेत, घर आणि मुले ही सारी जबाबदारी एकटीवर. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात जे सुचे ते त्या गात आणि पुत्र सोपानदेव व घरातील मंडळी जमेल तसे उतरवून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. नंतर ही वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. एका वहीवर सारे अवलंबून होते, हे लक्षात ठेवा; त्याकडे पुन्हा यायचे आहे.

मात्र बहिणाबाई वा सलीम अली यांच्यापासून प्रारंभ केला, तर गोष्ट अर्धीच राहील. खानदेशी माणूस घरट्यांकडे पाहत आला आहे तो प्रथम पावसासाठी.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते, आगारी टाकली जाते आणि कावळ्याला घास ठेवला जातो. बहिणाबाईंचीही ‘आखाजी’ नावाची कविता आहे. हा सण येतो वैशाखात, म्हणजे नेमका कावळ्यांच्या विणीच्या काळात. पितरांचा घास घ्यायला आलेला कावळा कोणत्या झाडाकडे परततो, हे अंगणात बसलेल्या माणसाला आपोआप दिसत असे, आणि ते दिसणे निरर्थक नव्हते. आंबा, करंज अशा भरल्या झाडावर घरटे असेल तर पाऊस चांगला. बाभळीसारख्या काटेरी झाडावर असेल तर वर्ष कठीण, असा ठोकताळा गावोगावचे म्हातारे आजही सांगतात. मारुती चितमपल्ली यांनी तो आपल्या लेखनातून आणि भाषणांतून शहरी वाचकांपर्यंत पोहोचवला.

हा ठोकताळा किती जुना असावा? सहाव्या शतकात उज्जैन परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त कावळ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात म्हटले आहे की वैशाखात निरोगी झाडावर कावळ्याने घरटे केले तर सुभिक्ष. काटेरी किंवा वाळलेल्या झाडावर केले तर दुर्भिक्ष. झाडाची कोणती फांदी, कोणती दिशा, यावरून पावसाचे मानही सांगितले आहे. महिना तोच, पक्षी तोच, काट्याचा निकषही तोच. ग्रंथातून लोकांत आले की लोकांतून ग्रंथात गेले, यावर वाद घालता येईल. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण वराहमिहिर हा संग्राहक वृत्तीचा लेखक होता.

हे अनुमान हवामानशास्त्राच्या कसोटीला उतरते असा माझा दावा नाही. मुद्दा निराळा आहे. १८७६–७८ आणि १८९९–१९०० या दोन महादुष्काळांच्या छायेत जगलेल्या पिढ्यांना घरट्याकडे पाहणे हा छंद नव्हता. पेरणीचे बियाणे घरात ठेवावे की खाऊन टाकावे, हा प्रश्न त्या पाहण्यामागे उभा असे. दुसऱ्या दुष्काळाच्या वेळी बहिणाबाई विशीच्या आत-बाहेर होत्या.

आणि एक विसंगती, जाता जाता. ज्या कावळ्याला आपण पितर मानून घास देतो, तोच कावळा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर-घुशींच्या शेजारी ‘उपद्रवी’ म्हणून नोंदलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली.

घरट्यांकडे पाहणारा दुसरा डोळा साहेबाचा. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेसाठी पाठ करतो. पण १८८५ हे साल त्यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने मोठे आहे : त्याच वर्षी त्यांनी पक्ष्यांची कातडी, घरटी आणि अंडी यांचा आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याआधी त्यांची पक्षिविषयक हस्तलिखिते चोरीला जाऊन सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकली गेली होती. त्या धक्क्याने त्यांचे पक्ष्यांवरून मनच उडाले. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकासाठी देशभरातील मुलकी आणि लष्करी अधिकारी निरीक्षणे पाठवीत. त्यांपैकी एक होते जेम्स डेव्हिडसन. १८८२ मध्ये त्यांची ‘पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची कच्ची यादी’ तेथे छापून आली. महसुलाच्या दौऱ्यावर धुळे, शहादा, सातपुड्याचा पायथा फिरताना जे दिसले ते त्यांनी लिहिले आणि जे हाती लागले ते जमा केले. बंदूक हे त्या काळचे निरीक्षणाचे साधन होते आणि घरटे सापडले की अंडी उचलणे ही शास्त्राची रीत. आज तोच कायदा घरट्याला धक्का लावणेही शिकारीच्या व्याख्येत बसवतो.

डेव्हिडसन यांनी जमवलेल्या पक्ष्यांत शहादा परिसरातील काही लहान घुबडेही होती. हाच रानपिंगळा. त्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले होते. १८८४ नंतर तो कोणालाच दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने आणि वर एक आठवा : रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे टिपला म्हणून सांगितलेला. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी त्या आठव्या नमुन्याची कसून तपासणी केली, एक्स-रेसुद्धा काढला. कातडे नव्याने भरले गेले होते, पण पहिल्या हाताची पद्धत पूर्णपणे पुसली गेली नव्हती. तो हात डेव्हिडसन यांचा होता. माइनर्ट्झहॅगनने ब्रिटिश म्युझियममधील खानदेशी घुबड चोरून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण साधनचिकित्सेचा धडा म्हणून वाचावे. खोटी नोंद बाद केली, डेव्हिडसन यांच्या ठिकाणांवर विश्वास ठेवला आणि रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट शहाद्याच्या बाजूला आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. पुढे जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातूनही या पक्ष्याच्या नोंदी आल्या. अंडी उचलणाऱ्या, पाखरे मारणाऱ्या त्या साहेबाची कच्ची यादी नसती, तर हे घुबड कोठे शोधायचे हेच कळले नसते. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

आता पुन्हा विहिरीवरच्या बाभळीकडे.

डेव्हिडसन यांच्या नोंदीत ठिकाण अचूक आहे. ज्याची नोंद केली तो पक्षी मात्र मेलेला आहे. वराहमिहिराच्या परंपरेत पक्षी जिवंत आहे, पण त्याच्याकडे पाहणारा माणूस खरे तर आभाळाकडे पाहतो आहे. बहिणाबाईंच्या कवितेत खोप्याची वीण, टांगणीची जागा, एवढ्याशा चोचीचे कसब हे सारे इतके नेमके आले आहे की ते रोज जवळून पाहिल्यावाचून येणार नाही. चूक आहे ती कर्त्याच्या जागी. ही चूक त्यांच्याही आधी भाषेने केलेली आहे. मराठीत हा पक्षी ‘सुगरण’च आहे. ‘सुगृहिणी’शी त्या शब्दाचे नाते जोडतात आणि स्वयंपाकात निपुण असलेल्या बाईलाही आपण तेच म्हणतो. विणणारा नर असू शकेल, या शक्यतेला त्या नावात जागाच ठेवलेली नाही.

आणि तिशीत विधवा होऊन एकटीने संसार उभा केलेल्या बाईला हातपाय आणि बुद्धी यांच्या बळावर घर विणणारी आई दिसली, यात नवल ते काय? सलीम अलींना किहीमला जे दिसले ते पक्ष्याविषयी खरे आहे. बहिणाबाईंच्या ओळी १९१० ते १९५० च्या जळगावातील एका कुणबाऊ घराविषयीचे साधन आहेत, आणि अशा घरातील बाईने स्वतःच्या श्रमाविषयी काय विचार केला हे सांगणारी साधने आपल्याकडे मोजकीच आहेत. सोपानदेवांची ती वही ह्यूम यांच्या कागदांसारखी रद्दीत गेली असती, तर? ‘बहिणाबाई चुकल्या’ असे लिहिताना मी एका साधनाला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

खानदेशातील पाखरांचे दाणापाणी हा खरे तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे. ज्वारी निसवली की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणारा शेतकरीच ओसरीत चिमण्यांसाठी कणसांची जुडी टांगत असे. धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतींत चिमण्यांना भोकेही मिळत. स्लॅबची घरे आली आणि ती भोके बुजली. २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. २०१० मध्ये तो सुरू करण्यात पुढाकार नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेचा होता.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा गच्चीवर सावलीत पाण्याचे परळ ठेवणे याहून सोपे काम नाही. पाणी मात्र रोज बदलावे. दाणे ठेवायला हरकत नाही, पण चिमणी पिलांना भरवते त्या मुख्यतः अळ्या आणि किडे; म्हणून अंगणातल्या एखाद्या झुडपावर औषध फवारणे टाळले तर ते दाण्यांहून अधिक उपयोगी पडते. आणि कुठे खोपा दिसला तर झाड कोणते, तारीख कोणती, अर्धा होता की पुरा, एवढे तरी लिहून ठेवा. आमच्या विहिरीवर गेल्या श्रावणात अकरा होते, त्यांतले चार अर्धे. आजीने मोजले, मी लिहिले.