पृष्ठफळ व घनाकृतींचे रेखाटन

घनाकृतीला बाहेरून बंदिस्त करणाऱ्या सर्व पृष्ठांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे तिचे एकूण पृष्ठफळ. ते चौरस एककांत मोजतात. टाकीला रंग किती लागेल हे पृष्ठफळावरून ठरते, पाणी किती मावेल हे घनफळावरून. या दोन्ही राशी एकाच चालीने वाढत नाहीत. ५ सेंमी बाजूचे दोन घन एकमेकांना चिकटवले की घनफळ दुप्पट होते, पण पृष्ठफळ ३०० ऐवजी २५० चौसेंमी भरते, कारण सांध्यावरची दोन पृष्ठे आत दडतात.

आकार कागदावर नीट उतरला की कोणती पृष्ठे मोजायची ते कळते. शाळेत रुळलेली पद्धत आयसोमेट्रिक ठिपक्यांच्या कागदाची. केंब्रिजचे विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ती नियमबद्ध मांडली. यात लांबी, रुंदी आणि उंचीचे अक्ष कागदावर एकमेकांशी १२० अंशांचा कोन करतात, म्हणून तळाच्या कडा आडव्या रेषेशी ३० अंशांत वर जातात. समांतर कडा समांतरच राहतात आणि तिन्ही दिशांची मापे थेट ठिपके मोजून मिळतात. मात्र काटकोन ६० किंवा १२० अंशांचे दिसतात, वर्तुळ लंबवर्तुळ होते. घनाचे चौरस पृष्ठ कागदावर समभुज चौकोन होते आणि त्याचे क्षेत्रफळ खऱ्या चौरसाच्या सुमारे ८७ टक्केच असते. म्हणून चित्रावरून कडांची मापे घ्यावीत, पृष्ठाचे क्षेत्रफळ कधीही घेऊ नये.

तिरप्या रेखाटनात समोरचे पृष्ठ खऱ्या आकारात काढून खोली ४५ अंशांत, बहुधा निम्म्या मापाने दाखवतात. कारखान्यात लागतात ती समोरून, वरून आणि बाजूने पाहिलेली दृश्ये. अशा दृश्यांच्या शास्त्राचा पाया फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी घातला. न दिसणाऱ्या कडा तुटक रेषांनी दाखवायच्या असतात. त्या आळसाने गाळल्या की मागची पृष्ठे बेरजेतूनही गळतात.

चित्र आणि गणित यांना जोडणारी गोष्ट म्हणजे घडणी, म्हणजेच कडांवर कापून सपाट पसरलेली घनाकृती. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ च्या आपल्या ग्रंथात अनेक बहुपृष्ठकांच्या घडण्या रेखाटल्या. घनाच्या एकमेकींपासून वेगळ्या अशा घडण्या ११ आहेत. प्रत्येक बहिर्वक्र बहुपृष्ठक कडांवर कापून, तुकडे एकमेकांवर न येता, एकसंध पसरता येतो का, हा साधा दिसणारा प्रश्न अजून सुटलेला नाही.

वक्रपृष्ठांपैकी वृत्तचिती आणि शंकू उलगडतात. वृत्तचितीचे वक्रपृष्ठ उभे कापले की आयत मिळतो. त्याची एक बाजू तळाचा परीघ, दुसरी उंची. शंकू उलगडला की वर्तुळपाकळी होते आणि तिची त्रिज्या म्हणजे शंकूची तिरकस उंची. त्रिज्या ७ सेंमी व लंब उंची २४ सेंमी असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने तिरकस उंची २५ सेंमी येते आणि वक्रपृष्ठफळ २२/७ × ७ × २५ = ५५० चौसेंमी. तिरकस उंचीच्या जागी लंब उंची घालणे ही परीक्षेतली सर्वांत नेहमीची चूक. ज्याने कागदी शंकू स्वतः कापून पसरला आहे त्याच्याकडून ती सहसा होत नाही. सूत्रांचा तक्ता त्यानंतरच द्यावा.

गोल मात्र उलगडत नाही. त्याचा कोणताही तुकडा ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट होत नाही, हे गाउस यांच्या १८२७ च्या प्रमेयातून निघते. आर्किमिडीजने दुसरी वाट काढली. गोलाचे पृष्ठफळ त्याला नेमक्या वेढणाऱ्या वृत्तचितीच्या वक्रपृष्ठफळाइतके, म्हणजे गोलाच्या मध्यवर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते, असे त्याने सिद्ध केले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त हाच नियम देताना गोलपृष्ठाला चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली. ‘सिद्धान्तशिरोमणी’वरील आपल्या भाष्यात त्यांनी गोलाच्या उभ्या फाका पाडल्या, एका फाकेचे आडवे पट्टे केले, ज्या म्हणजे साइन यांच्या कोष्टकावरून त्या पट्ट्यांची क्षेत्रफळे मिळवून बेरीज केली आणि परीघ गुणिले व्यास हे उत्तर काढले. वर्तुळाचे क्षेत्रफळ परिघाने गुणावे, असे आधीच्या लल्ल या गणितीचे मत होते, ते त्यांनी खोडून काढले. लल्लाच्या नियमात एककही चौरस उरत नाही.

तुकडे लहान करत गेले की उत्तर आपोआप अचूक होते असे नाही. वृत्तचितीच्या पृष्ठावर बिंदू घेऊन ते त्रिकोणांनी जोडले, तर त्रिकोण कितीही बारीक केले तरी त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज खऱ्या पृष्ठफळापलीकडे अमर्याद वाढू शकते, हे एकोणिसाव्या शतकात हेर्मान श्वार्त्झ यांनी दाखवले. त्रिकोणांच्या आडव्या ओळी फार दाट घेतल्या की ते पृष्ठाला चिकटून न राहता चुण्यांसारखे दुमडत जातात.